मज्जेतच जन्मलेल्या पेशी मज्जेचा कारभार बघतात: प्रतिकारपेशी आणि रक्तनिर्मिती

टिपणवही

काल एका स्लाइडपाशी पंधरा मिनिटं थांबले. बोनमॅरोचे, म्हणजे हाडांतल्या मज्जेचे नमुने बघणं हे माझं रोजचं काम, वर्षं झाली एकोणीस. तरी हे दृश्य दिसलं की हात थांबतोच. मधोमध एक मोठी, फिकट राखाडी पेशी. कडा विरलेल्या कापडासारख्या, चारी बाजूंना बोटं पसरलेली. त्या बोटांना लगटून तांबड्या पेशींची पिल्लं. मोजली, चौदा भरली. काही गडद निळी, काही राखाडी, काही गुलाबी व्हायला लागलेली आणि त्यांचं केंद्रक आकसून काळ्या ठिपक्याएवढं झालेलं. मधल्या मोठ्या पेशीच्या पोटातही तसेच तीन काळे ठिपके होते. पिल्लांनी टाकलेली आणि हिने गिळलेली केंद्रकं.

ही मधली पेशी म्हणजे मॅक्रोफेज. शाळेत आपण तिला ‘जंतू खाणारी पेशी’ म्हणून शिकतो, तीच. या वसाहतीला एरिथ्रोब्लास्टिक आयलंड म्हणतात, मी आपलं लोहितबेट म्हणते. फ्रान्सच्या मार्सेल बेसिस यांनी १९५८ साली त्याचं वर्णन केलं. काचेवर नमुना पसरताना ही बेटं बहुतेक वेळा मोडतात, पिल्लं इकडेतिकडे विखुरतात, म्हणून अख्खं बेट सापडलं की मी आजही शेजारच्या टेबलावरच्यांना हाक मारते.

धागा काढायचं कारण असं. रक्त कसं तयार होतं हे आपल्याला एका दिशेनं शिकवतात. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी वाढवायला सांगणारं संप्रेरक सोडतं, मज्जेतल्या मूलपेशी कामाला लागतात, तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बाहेर पडतात, आणि पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला जातात. यातलं काहीच चूक नाही. पण अर्धीच गोष्ट आहे ती. बाहेर पडलेल्या त्या पांढऱ्या पेशी मज्जेत परत येतात, काही कायमच्या तिथेच राहतात, आणि पुढची खेप किती काढायची, कोणत्या जातीची काढायची, कधी थांबायचं, यात त्यांचा मोठा हात असतो. चाकावर घडलेलं मडकंच चाक फिरवू लागावं, तसं.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. निरोगी माणसाच्या मज्जेत रोज साधारण २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे सेकंदाला वीस लाखांच्या वर. प्रत्येक पिल्लू बाहेर पडण्याआधी केंद्रक टाकतं. म्हणजे मॅक्रोफेजना तेवढीच केंद्रकं रोज गिळून पचवावी लागतात. ही सफाई कुणाच्या खिजगणतीत नसते.

रक्ताच्या आजारांबद्दल इथे बरेच धागे आलेत, पण या बाजूनं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. तुमचे प्रश्न, अनुभव, दुरुस्त्या, सगळं हवंय.

रानवारा

फार सुंदर सुरुवात. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि हे बेट मी कधी शिकवलं नाही, याची खंत वाटली. एक प्रश्न. मॅक्रोफेजनं केंद्रक गिळलं पण पचवलं नाही, तर काय होईल? नुसता कचरा साठेल, की तांबड्या पेशींवरही परिणाम होईल?

टिपणवही

रानवारा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. याचं उत्तर जपानमधल्या शिगेकाझू नागाता यांच्या गटानं २००१ साली उंदरांवर शोधलं. केंद्रकातला डीएनए पचवायला मॅक्रोफेजच्या पोटात डीएनेज-२ नावाचं विकर लागतं. ते नसलेले उंदीर तयार केले, तर पिल्लं जन्मालाच आली नाहीत. गर्भातच तीव्र रक्तक्षयानं गेली. तांबड्या पेशींत स्वतःचा दोष काहीच नव्हता. मॅक्रोफेजच्या पोटात न पचलेला डीएनए साठला, तिला वाटलं विषाणू शिरलाय, आणि तिनं इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन सोडायला सुरुवात केली. त्या इंटरफेरॉननं तांबड्या पेशींची वाढ गुदमरली. पुढे इंटरफेरॉनचा संदेश घेणारा रिसेप्टरच काढून टाकलेल्या उंदरांत हे विकर नसतानाही पिल्लं जगली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सुइणीचं काम आणि पहारेकऱ्याचं काम एकाच पेशीकडे आहे. पहारेकऱ्याचा गैरसमज झाला की बाळंतपण अडतं.

पहाटवारा

माझा प्रश्न अभ्यासाचा नाही, माझ्या अंगावर बेतलेला आहे. मला सहा वर्षांपासून सांध्यांचा आमवात आहे, रूमॅटॉइड. हिमोग्लोबिन ९.४ च्या वर जात नाही. आठ महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, पोट बिघडलं, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मग फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन तपासलं तर ४१०. नवीन डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद करा, तुमच्या शरीरात लोह आहे. मी घरी येऊन रडले. लोह आहे तर रक्त का वाढत नाही? कुणीच समजावून सांगत नाही. या धाग्यात मॅक्रोफेजचं नाव वाचलं आणि वाटलं, इथे विचारावं.

रक्तवाहिनी

पहाटवाराताई, मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे. तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे उपचार तुमच्याच डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण ‘लोह आहे तर रक्त का नाही’ याचं उत्तर देतो, कारण ते तुम्हाला आठ महिन्यांपूर्वीच मिळायला हवं होतं.

रोज नवीन तांबड्या पेशींना २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. आतड्यातून येतं फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं कुठून येतं? जुन्या तांबड्या पेशींतून. १२० दिवस झालेल्या, थकलेल्या पेशी मुख्यतः प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज गिळतात, त्यातलं लोह सोडवतात आणि परत रक्तात देतात. म्हणजे शरीराची लोहाची तिजोरी मॅक्रोफेजच्या ताब्यात असते. तिजोरीचं दार म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. ते दार बंद करणारं संप्रेरक यकृत तयार करतं, त्याचं नाव हेप्सिडिन. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं आणि दारच निकामी होतं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं.

आता तुमचा आमवात. सांध्यांत दाह पेटला की प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात. ते यकृताला सांगतं, हेप्सिडिन वाढव. हेप्सिडिन वाढलं की मॅक्रोफेजचं दार बंद, आणि आतड्यातलं दारही बंद. म्हणून गोळ्यांतलं लोह आत शिरत नाही, पोटात राहून त्रास देतं. आणि आतलं लोह बाहेर येत नाही, म्हणून फेरिटिन ४१०, पण मज्जा उपाशी. त्यात इंटरफेरॉन गॅमासारखे दाहाचे संदेश तांबड्या पेशींची वाढही मंदावतात.

शरीर असं का करतं? जंतूंना वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की लोह कुलपात ठेवणं हा फार जुना बचाव आहे. संसर्ग आठवडाभराचा असेल तर तो कामी येतो. तुमच्या बाबतीत दाह सहा वर्षं चाललाय आणि कुलूप उघडलेलंच नाही.

म्हणून अशा रक्तक्षयात पहिला उपचार दाहावर. इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमॅब आमवातात वापरतात, त्यानं हेप्सिडिन उतरतं आणि बऱ्याच रुग्णांचं हिमोग्लोबिन चढतं. तुम्हाला ते लागू आहे की नाही, हे तुमचे संधिवाततज्ज्ञ सांगतील.

गोधडी

डॉक्टर, एक जोड देते. दाहामुळे फेरिटिन फुगतं, म्हणून नुसतं फेरिटिन बघून ‘लोह भरपूर आहे’ म्हणणंही कधी कधी फसवं ठरतं. दाह आणि खरी कमतरता दोन्ही एकत्र असू शकतात. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं. फेरिटिन नॉर्मल दिसत होतं म्हणून दोन वर्षं गेली. शेवटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहून नेलं जातंय ते) आणि सीआरपी (दाह किती आहे ते) सोबत बघितल्यावर खरं कळलं.

रक्तवाहिनी

अगदी बरोबर. ४१० असताना खरी कमतरता असण्याची शक्यता कमी, पण १०० च्या आसपास असेल तर दाहाच्या रुग्णात फेरिटिनवर एकट्यावर विसंबू नये. सॉल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर ही तपासणी इथे मदत करते, कारण दाहामुळे ती फारशी बदलत नाही.

आणखी एक. लोहाच्या गोळीनंच हेप्सिडिन वाढतं आणि ते दिवसभर चढं राहतं. म्हणून लोहाची साधी कमतरता असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत रोज गोळी घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं.

पहाटवारा

सहा वर्षांत पहिल्यांदा मला माझा रिपोर्ट वाचता आला. सीआरपी ३८ आहे, आत्ताच फाईल काढून बघितलं. पुढच्या भेटीत हेच विचारणार आहे. दोघांचेही मनापासून आभार.

शांतसागर

वाचत होतो, लिहावं की नको असं चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया झालाय. वय २३. सुरुवातीला अंगावर निळे डाग, मग हिरड्यांतून रक्त. प्लेटलेट ६,०००, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३००. मॅरोच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पेशींच्या जागी चरबी आहे. डॉक्टर म्हणाले की त्याच्याच टी पेशींनी मज्जा मारलीय. आम्हाला घरात हे कुणालाच पटेना. संरक्षण करणाऱ्या पेशी असं का करतील? आमची आजी म्हणाली, कुंपणानंच शेत खाल्लं. त्यापलीकडे आम्हाला काही कळलं नाही.

त्याला घोड्यापासून बनवलेलं एटीजी, म्हणजे टी पेशी हटवणारं औषध दिलंय, सोबत प्रतिकार दाबणारं सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅग. सात आठवडे झाले. अजून रक्त आणि प्लेटलेट चढवावेच लागतात.

जुनी_पानं

शांतसागर, आजींनी एका वाक्यात जे सांगितलं, ते वैद्यकशास्त्राला कळायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला पॉल एर्लिश यांनी, १८८८ साली. एक तरुण गरोदर बाई, तीव्र रक्तक्षय, रक्तस्राव, ताप, आणि मृत्यूनंतर बघितलं तर मज्जेच्या जागी पिवळी चरबी. याच एर्लिश यांनी पुढे असा सिद्धांत मांडला की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतंच. त्यांनी त्याला नाव दिलं ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, स्वतःला विष घालण्याची दहशत. शरीराची स्वतःवरच चाल झाल्याचं उदाहरण त्यांच्याच टेबलावर येऊन गेलं होतं, पण तेव्हा ते ओळखण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते इल्या मेच्निकोव्ह यांच्यासोबत, म्हणजे भक्षकपेशी शोधणाऱ्या माणसासोबत. या धाग्यातल्या दोन्ही बाजू एका व्यासपीठावर होत्या.

उलगडा झाला तो अपघातानं. १९७० साली फ्रान्समध्ये जॉर्ज माथे यांनी अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिली. ती नाकारली जाऊ नये म्हणून आधी लसिकापेशी (टी पेशी याच कुळातल्या) मारणारं सीरम दिलं होतं. दात्याची मज्जा काही रुजली नाही. पण काही रुग्णांची स्वतःची मज्जा परत उगवली. म्हणजे बी जमिनीत शिल्लक होतं, कुणीतरी त्याला दाबून ठेवलं होतं, आणि त्या सीरमनं नेमकं त्यालाच हटवलं. आज तुमच्या भावाला दिलेलं एटीजी हे त्याच सीरमचं सुधारलेलं रूप.

रक्तवाहिनी

शांतसागर, सात आठवडे म्हणजे अजून निकालाची वेळ आलेली नाही. एटीजीला प्रतिसाद यायला तीन ते सहा महिने लागतात. टी पेशी हटवल्या तरी उरलेल्या मूठभर मूलपेशींतून अख्खी मज्जा परत उभी राहायला वेळ लागतो. घोड्याचं एटीजी दिलंय हेही चांगलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्या एटीजीला ३७ टक्के. त्याआधी बऱ्याच जणांचा समज उलटा होता. एल्ट्रोम्बोपॅग उरलेल्या मूलपेशींना थेट चालना देतं, आणि ते सोबत दिल्यानं निकाल आणखी सुधारले, हे २०१७ च्या अभ्यासातून दिसलं.

काय झालं असेल तेही सांगतो. सीडी-८ जातीच्या मारेकरी टी पेशी मज्जेत जमतात, इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ सोडतात. त्या संदेशांनी मूलपेशींचं विभाजन थांबतं आणि त्यांच्या पृष्ठभागावर फास नावाचा रिसेप्टर वाढतो. फासला संदेश मिळाला की पेशी स्वतःहून मरते. हे सुरू कशामुळे होतं, ते बहुतेक रुग्णांत सापडत नाही. तुमच्या भावानं काही चुकीचं केलं, काही खाल्लं, असा विचार मनात आणू नका.

ताप आला तर मात्र एक तासही थांबू नका. न्यूट्रोफिल ३०० असताना रात्रीचा ताप सकाळपर्यंत ठेवायचा नसतो.

चिकित्सक

धागा उत्तम चाललाय, पण दोन गोष्टी खटकल्या, त्या स्पष्ट लिहितो. एक, टी पेशी म्हणजे मज्जेच्या शत्रू असं चित्र इथे उभं राहतंय. दुसरं, यातलं बरंचसं उंदरांवरचं काम आहे. उंदराच्या मज्जेत आणि आपल्या मज्जेत फरक असतात. हे प्रत्येक वेळी सांगायला हवं.

रक्तवाहिनी

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्याबद्दल लिहितो, कारण तो मलाही महत्त्वाचा वाटतो आणि त्याचा धडा आम्हाला माणसांतच मिळालाय.

१९८० च्या दशकात मज्जा प्रत्यारोपणात मोठी अडचण होती ती दात्याच्या टी पेशींची. त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करत. साहजिकच लोकांनी विचार केला, दिलेल्या मज्जेतून टी पेशी काढूनच टाकू. काढल्या. हल्ला खरंच कमी झाला. पण मज्जा रुजेनाशी झाली. कित्येक रुग्णांत प्रत्यारोपण फसलं, आणि ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे ज्यांना आपण त्रासदायक समजत होतो त्या टी पेशी नव्या मज्जेसाठी जागा करून देत होत्या, रुग्णाच्या उरल्यासुरल्या प्रतिकाराला आवरत होत्या. तेव्हापासून सरसकट काढण्यापेक्षा कुठल्या टी पेशी ठेवायच्या आणि कुठल्या आवरायच्या, यावर काम सुरू आहे.

टी पेशींतच एक शांतीरक्षक जात आहे, रेग्युलेटरी टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवल्या आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत याच विषयासाठी मिळालं. २०११ मध्ये असं दिसलं, आणि हे उंदरांतलं आहे, चिकित्सक, आधीच सांगतो, की मूलपेशी मज्जेत जिथे वस्तीला असतात, तिथेच या शांतीरक्षक पेशी दाटीनं असतात. परक्या उंदराच्या मूलपेशी दिल्या तरी त्या महिनाभर कुठल्याही औषधाशिवाय टिकल्या. शांतीरक्षक हटवल्या आणि त्या मूलपेशी नाहीशा झाल्या.

शिवाय, चेतलेल्या टी पेशी इंटरल्यूकिन-३ आणि जीएम-सीएसएफ सोडतात. हे दोन्ही मज्जेला पेशी वाढवायला सांगणारे संदेश आहेत. जंत झाल्यावर किंवा अ‍ॅलर्जीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात ना रिपोर्टमध्ये? त्यामागे टी पेशींचं आणि त्यांच्या नात्यातल्या काही पेशींचं इंटरल्यूकिन-५ असतं.

चिकित्सक

धन्यवाद. प्रत्यारोपणाचं उदाहरण पटलं. माझा आक्षेप मागे घेतो, उंदरांचा तेवढा ठेवतो.

रानवारा

न्यूट्रोफिलबद्दल कुणी लिहील का? रोज साधारण १०,००० कोटी तयार होतात आणि पाचेक दिवसांत मरतात असं वाचलंय. एवढ्या मोठ्या उलाढालीचा हिशेब कोण ठेवतं? मज्जेला कसं कळतं की आता पुरे?

टिपणवही

आधी छोटी दुरुस्ती. पाच दिवसांचा आकडा २०१० च्या एका अभ्यासातला, आणि त्याच्या गणितावर बऱ्याच संशोधकांनी आक्षेप घेतला. रक्तातलं न्यूट्रोफिलचं आयुष्य काही तासांचं, एका दिवसाच्या आत, असंच आजही बहुतेक जण धरतात.

हिशेबाची गोष्ट मात्र विलक्षण आहे. मला वाटायचं की रक्तात न्यूट्रोफिल किती आहेत हे मज्जा ‘मोजत’ असेल. मोजणी होते ती दुसरीकडे, ऊतींत. न्यूट्रोफिल रक्तातून ऊतींत जातात, तिथे मरतात, आणि तिथल्या मॅक्रोफेज त्यांना गिळतात. गिळलं की मॅक्रोफेजचं इंटरल्यूकिन-२३ कमी होतं. ते कमी झालं की शेजारच्या काही टी पेशींचं इंटरल्यूकिन-१७ कमी होतं. ते कमी झालं की जी-सीएसएफ कमी होतं, आणि जी-सीएसएफ हाच मज्जेला न्यूट्रोफिल काढायला सांगणारा मुख्य संदेश. म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल पोहोचत राहिले तर लगाम ओढला जातो. पोहोचले नाहीत तर मज्जा समजते, कमी पडतायत, आणखी काढा. ही साखळी २००५ मध्ये उंदरांत उलगडली.

हे नुसतं कागदावरचं नाही. ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाहीत, त्यामुळे ऊतींत उतरत नाहीत. बाळाची नाळ उशिरा गळून पडते, हिरड्या सुजून दात पडतात, जखमा भरत नाहीत, आणि रक्तात मात्र न्यूट्रोफिलचा पूर. मी असा एक रिपोर्ट माझ्या हातानं केलाय, सहा महिन्यांच्या मुलीचा. पांढऱ्या पेशी ६४,०००. आधी ल्युकेमियाची शंका आली होती. स्लाइडवर मात्र पेशी पूर्ण पिकलेल्या, देखण्या, पाच पाच पाकळ्यांच्या. ज्या हिरड्यांत त्यांची गरज होती तिथे एकही पोहोचत नव्हता. पुढे अशाच एका रुग्णाला इंटरल्यूकिन-२३ अडवणारं औषध दिल्यावर हिरड्यांचा आजार बरा झाला, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा मला ती मुलगी आठवली.

आणखी एक. काही म्हातारे न्यूट्रोफिल मरायला मज्जेतच परत येतात. तिथल्या मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि त्यामुळे मूलपेशींना जागेवर धरून ठेवणारा संदेश थोडा सैल पडतो. काही मूलपेशी सुटून रक्तात फेरी मारायला निघतात. उंदरांत हे दिवसाच्या ठरलेल्या वेळी होतं.

मुक्तछंद

मूलपेशी सुटतात म्हणालात म्हणून लिहितो. मी तीन वर्षांपूर्वी एका अनोळखी रुग्णासाठी मूलपेशी दिल्या. त्याआधी पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं होती. कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठसठसत होती, छातीचं हाडसुद्धा. मग दंडातून रक्त काढून यंत्रातून फिरवून परत. तेव्हा मला सांगितलं होतं की इंजेक्शननं पेशी ‘वाढतात’. त्या मज्जेतून बाहेर का येतात, हे कधी कळलं नाही.

टिपणवही

तुम्ही एका माणसाला आयुष्य दिलंत, आधी त्याबद्दल नमस्कार.

मज्जेतल्या काही मॅक्रोफेज मूलपेशींच्या शेजारच्या पेशींना सतत सांगत असतात की यांना धरून ठेवा. शेजारच्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचा रेणू सोडतात, आणि मूलपेशी त्याला बांधलेल्या राहतात. जी-सीएसएफ दिलं की या मॅक्रोफेज कमी होतात, पकड सुटते, मूलपेशी रक्तात उतरतात. २०१० आणि २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत जी-सीएसएफ न देता नुसत्या मॅक्रोफेज हटवून पाहिलं, तरी मूलपेशी बाहेर आल्या. इंजेक्शननं पेशी वाढतात हे खरंच, पण त्यासोबत राखणदारही बाजूला होतात.

कवडसा

साधा प्रश्न, रागावू नका. प्रतिकारशक्ती वाढवायच्या गोळ्या घेतल्या तर मग रक्तही वाढेल का?

रक्तवाहिनी

रागावण्यासारखं काही नाही, अनेकांच्या मनात असतं हे. उत्तर: नाही. आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतवलेली राहणं मज्जेला मानवतच नाही.

मूलपेशींचा बराचसा काळ झोपेत जातो. उंदरात सर्वात खोल झोपलेल्या मूलपेशी साधारण १४५ दिवसांतून एकदा विभाजित होतात. ही झोप त्यांचं रक्षण करते, कारण प्रत्येक विभाजनात चुका होण्याची शक्यता असते. २००९ मध्ये दिसलं की इंटरफेरॉन अल्फा त्यांना जागं करतं, आणि २०१० मध्ये दिसलं की जुनाट संसर्गात इंटरफेरॉन गॅमाही तेच करतं. थोड्या वेळासाठी हे हवंच, संसर्गात पांढऱ्या पेशी भराभर लागतात. पण महिनोन्‌महिने जागं ठेवलं तर मूलपेशी दमतात आणि नवी मज्जा उभी करायची ताकद कमी होते.

याचं टोक म्हणजे एचएलएच नावाचा आजार. तिथे प्रतिकारयंत्रणा थांबतच नाही. टिपणवहीताई, तुम्ही त्याच्या स्लाइड्स बघितल्या असतील.

टिपणवही

बघितल्यात. एकदा बघितली की विसरत नाही. तीच मॅक्रोफेज, तसेच पसरलेले हात, पण पोटात केंद्रकांऐवजी अख्ख्या तांबड्या पेशी, प्लेटलेट, कधी शेजारची पांढरी पेशीही. ताप उतरत नाही, प्लीहा वाढलेली, तिन्ही प्रकारच्या पेशी घसरलेल्या, फेरिटिन हजारांत. २०१८ मध्ये इंटरफेरॉन गॅमा अडवणारं एमापालुमॅब या आजाराच्या जन्मजात प्रकारासाठी मंजूर झालं. पेटवणारा संदेश अडवला की मॅक्रोफेज शांत होतात.

चिकित्सक

मग बीसीजी मज्जेला ‘प्रशिक्षण’ देते असं जे वाचायला मिळतं, ते यातच बसतं का? की अतिशयोक्ती?

रक्तवाहिनी

बसतं, पण जपून वाचायला हवं. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं की बीसीजी मज्जेपर्यंत पोहोचली तर मूलपेशींतच बदल होतो, आणि त्यांच्यापासून निघालेल्या मॅक्रोफेज क्षयाच्या जंतूंशी जास्त चांगल्या लढतात. २०२० मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मज्जेत लशीनंतर ९० दिवसांनी मूलपेशींच्या जनुकांच्या कामकाजात बदल सापडला, म्हणजे हे माणसांत दिसलेलं आहे, तुमच्या आक्षेपाला इथे जागा नाही. पण त्यावरून बीसीजी सगळ्या आजारांवर चालते असा अर्थ काढणं चूक. मूलपेशी लढाईची आठवण ठेवू शकतात, एवढंच त्यातून म्हणता येतं, आणि तेही थोडं नाही.

शांतसागर

अकरा आठवडे झाले, म्हणून परत आलो. काल भावाचा रिपोर्ट आला. प्लेटलेट अजून १४,०००, पण न्यूट्रोफिल ७८०, आणि गेले बारा दिवस रक्त चढवावं लागलेलं नाही. डॉक्टरांनी रेटिक्युलोसाइटच्या आकड्याखाली पेननं रेघ मारून दिली. आधी तो ०.२ टक्के होता, आता १.४. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की हे बघा. मला अर्थ विचारायचं धाडस झालं नाही.

टिपणवही

रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकतंच केंद्रक टाकून मज्जेतून बाहेर पडलेलं तांबड्या पेशीचं पिल्लू. रक्तात ते एखादा दिवसच तसं दिसतं, मग इतरांसारखं होतं. बाहेरून चढवलेल्या रक्तातून हा आकडा असा वर येत नाही. काल मोजलेली ती पिल्लं तुमच्या भावाच्या स्वतःच्या मज्जेत, गेल्या दोन-चार दिवसांत, कुठल्यातरी मॅक्रोफेजच्या हातून सुटलेली आहेत.

तापाचं तेवढं अजूनही सांभाळा. पुढचा रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा.